सॅलडवरची कुरकुरीत राव्हिओली : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

राव्हिओली (चपटी, बहुधा चौकोनी) आणि टॉर्टेलिनी (टोकं जुळवून अंगठीसारखी वळवलेली) असा सारण भरलेला पास्ता तळून सॅलडवर घालण्याच्या प्रकाराबद्दल आलेल्या पत्रांतले हे निवडक प्रश्न. वेगळं सांगितलं नसेल तिथे प्रमाण चार माणसांसाठी आणि २५० ग्रॅम राव्हिओलीसाठी आहे. छोटा चमचा म्हणजे ५ मिली, मोठा चमचा म्हणजे १५ मिली.

प्रश्न : कढईतून काढताना राव्हिओली छान कुरकुरीत असते. सॅलडवर ठेवून टेबलावर आणेपर्यंत तिची खालची बाजू मऊ पडते. ड्रेसिंग कमी करून पाहिलं, तरी तेच. काय चुकतंय?

उत्तर : दोष एकट्या ड्रेसिंगचा नाही. तळलेल्या आवरणात पाणी जवळपास उरलेलं नसतं, म्हणून ते कुरकुरीत लागतं. असं आवरण मिळेल तिथून ओलावा ओढून घेतं आणि सादळतं. या सॅलडमध्ये ओलावा चार ठिकाणांहून येतो: धुतलेल्या पानांवरचं पाणी, टोमॅटो-काकडीला सुटणारं पाणी, ड्रेसिंग आणि राव्हिओलीच्या सारणातून निघणारी वाफ. या चौथ्या गोष्टीकडेच बहुतेकांचं दुर्लक्ष होतं.

वाफेपासून सुरुवात करू. तळून काढल्यावरही सारण चांगलंच गरम असतं आणि दोन-तीन मिनिटं त्यातून वाफ येत राहते. राव्हिओली कागदावर पसरली, तर ही वाफ खालच्या बाजूला कोंडते आणि तिथलं आवरण ओलं होतं. म्हणून कागदाऐवजी जाळीवर काढा आणि जाळीखाली ताट ठेवा. तेल निथळेल, वाफही खालून निघून जाईल. जाळीवर ३ मिनिटं पुरतात. त्याआधी घाईने पानांवर घातली, तर गरम राव्हिओलीखालची पानं कोमेजतात, त्यांना पाणी सुटतं आणि ते पुन्हा आवरणातच जातं.

पानं धुऊन निथळत ठेवणं पुरेसं नाही. ती फिरवून कोरडी करा किंवा स्वच्छ पंचावर पसरून वरून दुसऱ्या कापडाने टिपा. पान हाताला पूर्ण कोरडं लागलं पाहिजे. ओल्या पानाला ड्रेसिंगही चिकटत नाही, घसरून बोलच्या तळाशी जमतं. टोमॅटो अर्धे करून पाव छोटा चमचा मीठ लावा आणि चाळणीत १५ मिनिटं ठेवा. सुटलेलं पाणी फेकू नका, ड्रेसिंगमध्ये चमचाभर घातलं तर चव वाढते. काकडीचा बियांचा गर चमच्याने काढून टाका, पाणी मुख्यतः तिथेच असतं.

राहिली मांडणी. ड्रेसिंग पानांना मोठ्या बोलमध्ये लावून घ्या, ताटलीत वरून ओतू नका. पानं ताटलीत गेली की त्यांवर ऑलिव्ह, चीजच्या चकत्या अशा कोरड्या गोष्टी घाला, टोमॅटो कडेला ठेवा आणि राव्हिओली सगळ्यात शेवटी. ती चपटी पसरण्यापेक्षा एकमेकींना टेकवून कडेवर उभी करा, म्हणजे पानांना तिचा कमीत कमी भाग लागेल. एवढं सांभाळलं तर सावकाश खाऊन होईपर्यंत ती कुरकुरीत राहते.

प्रश्न : पाकिटातली राव्हिओली आधी उकडायची की तशीच तळायची? दोन्ही पद्धती वाचल्या आहेत.

उत्तर : पास्ता कोणता, यावर ते ठरतं.

फ्रिजमध्ये मिळणारी ताजी, पातळ पारीची राव्हिओली न उकडता थेट आवरण लावून तळता येते. पारीत पुरेसा ओलावा असतो, त्यामुळे अडीच-तीन मिनिटांत ती आतून शिजते. ताज्या राव्हिओलीसाठी आम्ही हीच पद्धत सुचवतो, कारण उकडताना पारी जे जास्तीचं पाणी पिते ते पुढे तेलात त्रास देतं. मात्र पारी जाड असेल, बोटांत दाबल्यावर कणीक घट्ट लागत असेल, तर १ मिनिट उकडून घ्या.

सुकी टॉर्टेलिनी, म्हणजे कपाटात महिनोन्महिने टिकणारी, उकडलीच पाहिजे. ती थेट तेलात टाकली तर रंग सुरेख येतो, पण दाताखाली खडा यावा तशी लागते. तळण्यात पारीला शिजायला लागणारं पाणी मिळत नाही, आहे तेही उडून जातं. पाकिटावरच्या वेळेपेक्षा २ मिनिटं कमी उकडा.

गोठवलेली राव्हिओली बाहेर ठेवून वितळू देऊ नका. पारीवर पाणी साचतं, ती चिकट होते आणि उचलताना फाटते. गोठलेलीच उकळत्या पाण्यात टाका, वर तरंगली की लगेच काढा.

उकडलेला कोणताही पास्ता चाळणीत ढीग करून ठेवू नका. ताटात एकेक सुटा पसरा, २० मिनिटं वाऱ्यावर सुकू द्या, मध्ये एकदा उलटा. चिकटू नये म्हणून तेल लावायचा मोह होतो, तो टाळा. तेलकट पारीवर आवरणाचा मैदा आणि ब्रेडचा चुरा धरत नाही.

प्रश्न : पाचातल्या दोन राव्हिओली तेलात फुटतात. सारण बाहेर येतं, तेल उडतं आणि मग सगळंच काळं पडतं. हे थांबवायचं कसं?

उत्तर : पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे १,६०० पट जागा लागते. पारीच्या आत जे काही पाणी आणि हवा आहे, त्याला तेलात पडताच फुगायचं असतं. बाहेर पडायला वाट मिळते ती कडेच्या कच्च्या जोडातून.

घरी भरत असाल तर पहिला उपाय सारणाचा. रिकोटा (मऊ, ओलसर ताजं चीज) कापडात बांधून किमान २ तास, जमल्यास रात्रभर फ्रिजमध्ये टांगा. पालक उकडून घट्ट पिळा आणि मग बारीक चिरा. पिळल्यावर २०० ग्रॅम पानांचा मुठीत मावेल एवढाच गोळा उरायला हवा. मश्रूम कोरडे होऊन तव्याला लागू लागेपर्यंत परता. सारण चमच्यातून आपोआप घसरत असेल तर ते तळण्याजोगं नाही. त्यात मोठा चमचाभर ब्रेडचा चुरा किंवा किसलेलं पार्मेझान (कठीण इटालियन चीज) घालून घट्ट करा.

दुसरा उपाय हवेचा. सारणाभोवती पारी दाबताना आतून बाहेर जा. आधी सारणाला लागून बोटाने दाबा, हवा बाहेर ढकला आणि मग कड बंद करा. कड किमान १ सेंटिमीटर रुंद ठेवा. तिला पाण्याचं बोट हलकंच फिरवा, कारण जास्त पाणी लागलं की जोड घट्ट बसण्याऐवजी घसरतो. करंजीचं कातण इथे उत्तम चालतं. पण कातण कापायला आहे, चिकटवायला नाही, तेव्हा आधी बोटाने दाबून मगच फिरवा.

चीज निवडतानाही विचार करा. रिकोटा तापला तरी वाहत नाही, जागच्या जागी राहतो. मोझरेला वितळून पातळ होतं आणि सुईएवढं भोक मिळालं तरी बाहेर येतं. फक्त मोझरेलाचं सारण तळायला घेऊ नका. एक भाग मोझरेला, तीन भाग रिकोटा असं मिसळा. मांसाचं सारण असेल तर ते आधी पूर्ण शिजवून, कोरडं करून, गार झाल्यावर भरा. तीन मिनिटांच्या तळणीत कच्चं मांस आतपर्यंत शिजेल याचा भरवसा नसतो.

पाकिटातल्या राव्हिओलीच्या सारणाला तुम्ही काही करू शकत नाही, पण वेळ हातात आहे. फुटणं बहुधा तिसऱ्या-चौथ्या मिनिटानंतर सुरू होतं. तेल पुरेसं तापलेलं असेल तर त्याआधीच रंग आलेला असतो. तेल थंड असेल तर रंगाची वाट बघण्यात वेळ जातो आणि तोवर आतली वाफ आपलं काम करते. एकही राव्हिओली फुटली तर ती लगेच झाऱ्याने काढा. सांडलेलं चीज करपून बाकीच्यांना चिकटतं आणि तेल कडू करतं.

प्रश्न : आवरणाचं नेमकं प्रमाण द्याल का? अंडं न वापरता होईल का?

उत्तर : तीन ताटल्या मांडा. पहिलीत ६० ग्रॅम मैदा. दुसरीत २ अंडी आणि १ मोठा चमचा दूध फेटून. तिसरीत १२० ग्रॅम कोरडा ब्रेडचा चुरा, २५ ग्रॅम बारीक किसलेलं पार्मेझान, अर्धा छोटा चमचा सुका ओरेगानो आणि पाव छोटा चमचा मीठ. राव्हिओली मैद्यात घोळवा आणि झटका. अंड्यात बुडवा, जास्तीचं निथळू द्या. मग चुऱ्यात ठेवून वरून चुरा घाला आणि तळव्याने हलकं दाबा. कडा विसरू नका, आवरण तिथूनच सुटायला लागतं. शेवटी ताटात एका थरात मांडून ३० मिनिटं फ्रिजमध्ये. ही पायरी गाळली तर चुरा कढईत तरंगत राहतो आणि राव्हिओली उघडी पडते.

अंड्याशिवाय सहज होतं. दुसऱ्या ताटलीत अंड्याऐवजी हा घोळ घ्या: ४ मोठे चमचे मैदा, २ मोठे चमचे कॉर्नफ्लोअर, चिमूटभर मीठ आणि ८० ते ९० मिली पाणी. घोळ पातळ दह्याइतका हवा. दाट झाला तर आवरण जाड आणि पिठूळ लागतं. कॉर्नफ्लोअरमुळे कुरकुरीतपणा अंड्याच्या आवरणापेक्षा थोडा जास्तच टिकतो, म्हणून सॅलडसाठी आम्हाला हा घोळ अधिक आवडतो. शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना: पारंपरिक पार्मेझानमध्ये वासरापासून मिळणारं रेनेट (दूध साकळवणारा घटक) असतं. शाकाहारी रेनेटचं दुसरं कठीण चीज वापरा.

चुरा नकोच असेल तर उकडून सुकवलेल्या टॉर्टेलिनीला २ मोठे चमचे कॉर्नफ्लोअर चोळा आणि चाळणीत घालून जास्तीचं झटकून टाका. चुऱ्याच्या आवरणाइतकी ती टिकत नाही, पण हलकी लागते.

प्रश्न : तेल किती तापवायचं? थर्मामीटर नाही.

उत्तर : १७५ अंश सेल्सिअस. चुऱ्यात चीज असेल तर १७०, कारण चीज लवकर काळं पडतं. थर्मामीटर नसेल तर ब्रेडचा बोटाच्या पेराएवढा तुकडा टाका. एका मिनिटात तो एकसारखा सोनेरी झाला तर तेल योग्य आहे. वीस-पंचवीस सेकंदांतच गडद झाला तर आच कमी करा. नुसताच तेल पीत राहिला तर थांबा. सूर्यफूल, शेंगदाणा, राइस ब्रॅन, कोणतंही रिफाइंड तेल चालेल. एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल ड्रेसिंगसाठी राखून ठेवा.

कढई निम्म्याहून अधिक भरू नका आणि १ लिटर तेलात एका वेळी सहा-सातच राव्हिओली सोडा. जास्त घातल्या की तेल एकदम गार होतं. प्रत्येक घाण्याला अडीच ते तीन मिनिटं, मध्ये एकदा उलटून. दोन घाण्यांमध्ये तेल पुन्हा तापू द्या आणि तळाशी पडलेला चुरा बारीक जाळीच्या झाऱ्याने काढत राहा.

प्रश्न : एअर फ्रायरमध्ये केलेली राव्हिओली वातड होते आणि पांढरट राहते. यावर उपाय आहे का?

उत्तर : आहे. तिथली गरम हवा पारी शिजवण्याऐवजी सुकवते. म्हणून एअर फ्रायरसाठी ताजी राव्हिओलीसुद्धा आधी पूर्ण मऊ उकडा, मग वर सांगितल्याप्रमाणे सुकवा. पांढरटपणाचा उपाय म्हणजे चुरा आधीच भाजणे: १२० ग्रॅम चुरा २ मोठे चमचे तेलात मंद आचेवर हलका सोनेरी होईपर्यंत परता, गार करा आणि तोच लावा. १९५ अंशांवर ८ ते १० मिनिटं, एका थरात, निम्म्या वेळेला उलटून. एकावर एक रचल्या तर खालच्या वाफवल्या जातात.

ओव्हनमध्ये हीच तयारी २२० अंशांवर १५ मिनिटं घेते. ताटाऐवजी जाळीवर ठेवा. कढईतल्या तळणीइतकं खुसखुशीत होत नाही हे खरं, पण भाजलेला चुरा असेल तर फरक बराच कमी होतो. आवरणाशिवायची टॉर्टेलिनी मात्र एअर फ्रायरमध्ये करू नका, तिच्या कडा चामड्यासारख्या होतात.

प्रश्न : कोणती पानं, कोणतं ड्रेसिंग? टोमॅटो सॉस वरून घातला तर चालेल का?

उत्तर : सॉस वरून नको. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात चुऱ्यात घोळवून तळलेली राव्हिओली फार लोकप्रिय आहे. तिथेही टोमॅटोचा सॉस शेजारी वाटीत देतात, आणि ते अगदी बरोबर आहे. सॉसची चव हवीच असेल तर ताटलीच्या एका कडेला २ चमचे घट्ट सॉस पसरा, ज्याला हवा तो बुडवून घेईल.

पानं करकरीत हवीत. रोमेन (लांब पानांचं लेट्यूस) सर्वांत चांगलं: देठ कडक, पान वजन पेलणारं. आइसबर्ग चालतं, पण त्याला स्वतःची चव कमी. रॉकेटच्या (म्हणजे अरुगुलाच्या) पानांची तिखट-कडवट चव तळणाला छान छेद देते, मात्र नुसत्या रॉकेटवर राव्हिओली ठेवली तर पानं लगेच बसतात. आम्ही १०० ग्रॅम रोमेन आणि ५० ग्रॅम रॉकेट असं मिसळायला सांगू. सोबत २०० ग्रॅम चेरी टोमॅटो, एक मध्यम काकडी, १० ते १२ ऑलिव्ह, अर्धा लाल कांदा (पातळ चिरून १० मिनिटं गार पाण्यात ठेवून नीट टिपलेला), बेझिलची मूठभर पानं आणि ३० ग्रॅम पार्मेझानच्या पातळ चकत्या.

ड्रेसिंगमध्ये एरवी आंबटाच्या तिप्पट तेल घेतात. इथे तेल तळणातून येणारच आहे, म्हणून दुप्पटच घ्या: २ मोठे चमचे लिंबाचा रस किंवा रेड वाइन व्हिनेगर, ४ मोठे चमचे ऑलिव्ह तेल, १ छोटा चमचा मोहरीची पेस्ट, लसणाची अर्धी पाकळी किसून, पाव छोटा चमचा मीठ, मिरपूड. झाकणाच्या बाटलीत घालून जोरात हलवा. मोहरीमुळे तेल आणि आंबट एकजीव राहतं आणि पानांवर पातळ थर बसतो. ती नसेल तर व्हिनेगर वेगळं होऊन खाली उतरतं. एवढ्या पानांना ४ मोठे चमचे पुरतात. सगळं ओतू नका, लागेल तसं वाढवा.

सारणाप्रमाणे थोडा बदल करा. रिकोटा-पालकाला लिंबू. मश्रूमला बाल्सॅमिक व्हिनेगर आणि भाजलेले अक्रोड. लाल भोपळ्याचं गोडसर सारण असेल तर रॉकेट वाढवा, टोमॅटो वगळा. मांसाच्या सारणाला मेयोनीजचं दाट ड्रेसिंग शोभतं. त्याचा आणखी एक फायदा म्हणजे ते पानांना चिकटून राहतं, राव्हिओलीकडे वाहत जात नाही.

एका ताटलीत किती? जेवणाआधीच्या सॅलडला ५, तेच जेवण असेल तर ८ किंवा ९.

प्रश्न : तळायची राव्हिओली घरी करताना पीठ नेहमीसारखंच भिजवायचं का?

उत्तर : जवळपास. १०० ग्रॅम मैद्याला १ अंडं या नेहमीच्या प्रमाणात १ छोटा चमचा तेल वाढवा. आठ-दहा मिनिटं मळा, झाकून ३० मिनिटं ठेवा. पारी नेहमीपेक्षा पातळ लाटा, १ मिलिमीटर. पोळपाटावर ठेवल्यावर खालचा लाकडाचा रंग किंचित दिसला पाहिजे. कडेला दोन पाऱ्या एकावर एक येतात, तिथे जाडी दुप्पट होते. कडक लागते ती हीच कड, म्हणून बंद केल्यावर बोटाने दाबून ती पातळ करा.

अंड्याशिवाय २०० ग्रॅम बारीक रवा आणि १०० मिली कोमट पाणी घ्या. ही पारी तळल्यावर जास्त कडक होते, तेव्हा १ मोठा चमचा तेलाचं मोहन घाला आणि पीठ तासभर मुरू द्या. मोहन त्याहून वाढवू नका. पारी खुसखुशीत होते खरी, पण उकडायला घेतली तर फाटते.

प्रश्न : टॉर्टेलिनीची जिथे दोन टोकं जुळतात ती गाठ दाताला फार कडक लागते.

उत्तर : गाठीत पारीचे तीन-चार पदर असतात, ते उरलेल्या भागाबरोबर शिजत नाहीत. सुकी असेल तर एक टॉर्टेलिनी काढून गाठ कापून बघा. मध्ये पांढरा ठिपका दिसला तर आणखी १ मिनिट उकडा. इथे वेळेपेक्षा गाठीवर विश्वास ठेवा. आणि सॅलडसाठी लहान आकाराचीच घ्या.

प्रश्न : वीस माणसांसाठी करायचं आहे. आधी काय करून ठेवता येईल? उरलेली राव्हिओली आणि तेल यांचं काय करायचं?

उत्तर : आवरण लावण्यापर्यंतचं सगळं आदल्या दिवशी करा. आवरण लावलेली राव्हिओली ताटात सुटी गोठवा आणि कडक झाली की पिशवीत भरा. तळताना वितळवू नका, गोठलेलीच १७५ अंशांच्या तेलात सोडा. एका वेळी चारच घ्या आणि ४ ते ५ मिनिटं द्या. वर बर्फाचे कण दिसले तर आधी झटकून टाका, नाहीतर तेल उसळतं. पानं धुऊन कोरडी करून कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. ड्रेसिंग बाटलीत तयार ठेवा, लसूण मात्र त्याच दिवशी घाला.

वीस जणांसाठी पाचपट, म्हणजे सव्वा किलो राव्हिओली लागेल. एवढ्याचे बरेच घाणे होतात. पहिले घाणे ओव्हनमध्ये १०० अंशांवर जाळीवर ठेवा, झाकण न घालता. अर्धा तास चांगले राहतात. झाकलं की मिनिटभरात सादळले समजा. ताटल्या आगाऊ भरून ठेवू नका. पानांचे मोठे बोल टेबलावर जाऊ द्या आणि राव्हिओली वेगळ्या ताटात फिरवा. एवढ्या माणसांत कुरकुरीतपणा राखण्याचा हाच खात्रीचा मार्ग आहे.

उरलेली राव्हिओली बाहेर २ तासांपेक्षा जास्त ठेवू नका. फ्रिजमध्ये ती दोन दिवस टिकते. गरम करताना मायक्रोवेव्ह नको, आतली वाफ आवरण मऊ करते. ओव्हन किंवा एअर फ्रायरमध्ये २०० अंशांवर ५ ते ६ मिनिटं पुरतात. ड्रेसिंग लागलेली पानं मात्र ठेवण्यात अर्थ नाही. तेल पूर्ण गार झाल्यावर कापडातून गाळा, अंधाऱ्या जागी ठेवा आणि आणखी एक-दोनदाच वापरा. चुऱ्यामुळे हे तेल साध्या तळणीपेक्षा लवकर खराब होतं. रंग गडद झाला, तापवताना फेस आला किंवा लवकर धूर निघू लागला की ते टाकून द्या.